जळण्याआधीच सुटणारा गॅस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की आपल्याकडे रस्ते उकरायला सुरुवात होते. पाण्याची लाइन, गटार, केबल ही नेहमीची मंडळी. गेल्या काही वर्षांत त्यात गॅसची भर पडली. सातारा असो, कराड असो की सांगली-मिरज, चराच्या कडेला पिवळ्या-नारिंगी पाइपांची भेंडोळी दिसतात आणि शेजारी फलक असतो ‘स्वच्छ इंधन’. फलक खोटा नाही, पण अर्धाच आहे. नैसर्गिक वायू म्हणजे जवळजवळ सगळा मिथेन. जळला तर स्वच्छ. जळायच्या आधी सुटला तर कोळसाही बरा म्हणायची पाळी. एक किलो मिथेन शेगडीत जळाला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच किलो तसाच हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने २८ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० किलोंहून जास्त. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो, म्हणून दोन हिशेबांत एवढी तफावत पडते. आज गळती थांबवली तर गुण आपल्याच हयातीत दिसतो, हेही त्यामुळेच.

स्वयंपाकघरातले गणित करून पाहावे. सिलिंडरमधल्या एलपीजीवर जेवढी उष्णता मिळवताना साधारण ३.१५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेवढीच एक किलो पाइप गॅस जाळून मिळवताना २.८ किलोंच्या जवळपास. फायदा पाइप गॅसच्या किलोमागे ३५० ते ४०० ग्रॅमचा. आता वाटेत एकच टक्का गॅस गळाला असे धरा. दहा ग्रॅम मिथेन म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने २८० ते ३०० ग्रॅम. म्हणजे सव्वा-दीड टक्का गळतीवर सिलिंडर सोडल्याचा सगळा फायदा पाण्यात, आणि वीस वर्षांचा हिशेब लावला तर अर्ध्या टक्क्यावरच. हा फक्त जळणाचा हिशेब झाला. विहिरीपासून गावाच्या वेशीपर्यंत दोन्ही इंधनांचे जे काय सांडते ते यात धरलेले नाही. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फर्नेस ऑइल सोडून गॅसवर गेलेल्या भट्टीला थोडी जास्त सवलत आहे, तिथे हा उंबरठा साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. एवढ्याशा टक्क्यांवर सगळे अवलंबून असेल, तर पहिला प्रश्न हाच की हे टक्के मोजतो कोण? गळते कुठून हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोजलेला आकडा मात्र बाहेर येत नाही. पत्र लिहिण्याचे कारण ते आहे.

पुणे-बेंगळुरू महामार्गावरच्या सीएनजी पंपापासून सुरुवात करू, कारण तिथे गळतीचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो. गाडी भरून झाली, नोझल काढताना तीनमार्गी व्हॉल्व्ह फिरवला की ‘फुस्स’ होते. रांगेतला रिक्षावाला हमखास म्हणतो, बघा किती गॅस वाया घालवतात. प्रत्यक्षात नोझल आणि गाडीचे तोंड यांच्यामध्ये समजा दहा मिलिलिटर जागा असली, तर २०० बार दाबाला तिच्यात दीड ग्रॅमच्या आसपास गॅस मावतो. दिवसात पाचशे गाड्या भरल्या तरी पाऊण किलो. तो वाचवता आला तर उत्तमच, पण खरी गळती तिथे नाही. ती पंपाच्या मागच्या बाजूला, गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पिस्टन रॉडवर असते आणि तिचा आवाज कोणाच्या कानावर पडत नाही, कारण तिथला व्हेंटचा, म्हणजे निसटलेला गॅस बाहेर सोडणारा, पाइप छपराच्याही वर नेलेला असतो.

पिस्टन रॉड सिलिंडरमधून जिथे बाहेर येतो तिथे पॅकिंग असते: कपांच्या मालेत बसवलेल्या कड्या, बहुधा टेफ्लॉनमिश्रित, भोवतीने स्प्रिंग. ही कडी झिजायलाच केलेली असते. नवी असतानाही ती थोडे सोडतेच. मोठ्या पाइपलाइनवरच्या कॉम्प्रेसरांच्या अमेरिकेतल्या मोजणीत नीट बसलेले नवे पॅकिंग रॉडमागे तासाला ०.३ घनमीटर सोडते, तर पार झिजलेले २५ घनमीटरपर्यंत. आपल्या पंपांवरची यंत्रे लहान आहेत, पण प्रकार तोच. मोजायला फार मोठे उपकरणही लागत नाही. ठरावीक मापाची, स्थिर विजेपासून सुरक्षित अशी पिशवी व्हेंटच्या तोंडाला लावायची आणि स्टॉपवॉच सुरू करायचे. शंभर लिटरची पिशवी दोन मिनिटांत फुगली तर तासाला तीन घनमीटर, दिवसाला ७२ घनमीटर, म्हणजे जवळपास ५० किलो. किलोला ९० रुपये धरले तर रोजचे साडेचार हजार रुपये छपरावरून उडून जातात. नोझलच्या ‘फुस्स’च्या साठ-पासष्ट पट, आणि तेही चोवीस तास मुकाट.

मग पॅकिंग बदलत का नाहीत? एक तर त्यासाठी कॉम्प्रेसर बंद ठेवावा लागतो, आणि रांग महामार्गापर्यंत गेलेली असताना ते कोणाला नको असते. दुसरे असे की नवे पॅकिंग टाकूनही महिन्याभरात पुन्हा गळते, असा अनुभव सांगितला जातो. तो खराही असतो. कारण कड्या बदलतात, पण रॉडकडे कोणी बघत नाही. रॉडवर नख अडकेल एवढा ओरखडा असला, किंवा रॉड सरळ रेषेत धावत नसला, तर कोणत्याही कड्या टिकणार नाहीत. आधी डायल गेज लावून रॉडचा रनआउट, म्हणजे तो सरळ रेषेपासून किती हलतो ते पाहायचे, पृष्ठभाग हाताने तपासायचा, तेल पोचते की नाही ते बघायचे आणि मगच कड्यांचा संच उघडायचा. अमेरिकेतल्या नियमाने २६ हजार तास किंवा ३६ महिने अशी पॅकिंग बदलायची मुदत घालून दिली होती. मुदतीपेक्षा दर महिन्याची मोजणी आम्हाला जास्त भरवशाची वाटते, कारण धूळ आणि उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाहीत.

कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा आतला दाबाखालचा गॅस कुठेतरी सोडावा लागतो, नाहीतर पुन्हा सुरू करताना मोटरवर भार येतो. त्यासाठी रिकव्हरी टाकी दिलेली असते. गॅस तिच्यात जातो आणि हळूहळू परत सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या आत घेण्याच्या बाजूला, ओढला जातो. ही टाकी असूनही गॅस आकाशात जाण्याची दोन ठरलेली कारणे आहेत. टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधीतरी उडालेला असतो आणि बसताना बैठकीवर कचरा अडकल्याने पूर्ण बसलेला नसतो. किंवा कॉम्प्रेसर तासाला इतक्यांदा चालू-बंद होतो की टाकी मोकळी व्हायच्या आत पुढचा हप्ता येतो. दुसऱ्यावरचा उपाय म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या दाबांमधले अंतर वाढवणे आणि साठ्याचे कॅस्केड (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांचा संच) पुरेसे ठेवणे. तिसरे एक कारण यंत्राचे नाही, माणसाचे आहे. तेल वेगळे करणाऱ्या फिल्टरचा ड्रेन कॉक दर पाळीत उघडावा लागतो. उघडला की तेलाच्या मागोमाग गॅस सुसाट येतो. पाळीचा कामगार कंटाळून तो केसभर उघडाच ठेवतो. तिथे दोन व्हॉल्व्ह आणि मध्ये छोटे भांडे बसवले की एका वेळी एकच उघडतो आणि प्रश्न मिटतो. निघालेले तेल मात्र घातक कचऱ्यात मोडते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेलाच गेले पाहिजे, मागच्या ओढ्यात नव्हे.

उच्च दाबाच्या नळ्यांवर दुहेरी फेरूलचे, म्हणजे नळीला पकडणाऱ्या दोन कड्यांचे, जोड असतात. हाताने घट्ट केल्यावर स्पॅनरने सव्वा फेरा, एवढाच त्यांचा नियम. गळतो म्हणून आणखी आवळला की फेरूल नळीत रुतते आणि पुढच्या खेपेला नळीच कापावी लागते. एका बनावटीचा नट आणि दुसऱ्या बनावटीचे फेरूल ही जोडी दिसायला जमते, संसार मात्र करत नाही.

जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस ट्रकवरच्या कॅस्केडमधून येतो. तीन हजार लिटर पाणीक्षमतेच्या कॅस्केडमध्ये २०० बारला साडेचारशे ते पाचशे किलो गॅस असतो. पंपावरचा बूस्टर (ट्रकमधला गॅस ओढून दाब वाढवणारा कॉम्प्रेसर) चांगला असेल तर ३० बारपर्यंत ओढून घेतो. नसेल तर ५० बारलाच ट्रक परत जातो आणि शंभर किलो गॅस डिझेल जाळून खंबाटकी घाटाची सहल करून येतो. ही काही हवेत जाणारी गळती नाही, पण उधळपट्टी नक्की आहे. गाडीमालकांसाठीही एक सूचना: सीएनजी सिलिंडरची तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, तेव्हा गाडी चालवूनच तो रिकामा करून न्यावा. ६० लिटरच्या सिलिंडरमध्ये ३० बार शिल्लक असले तरी सव्वा किलो गॅस असतो आणि चाचणीच्या दारात तो बहुधा मोकळाच सोडला जातो.

आता रस्त्याखाली. पोलादी लाइन १९ ते ४९ बारची, तिथून डीआरएस म्हणजे रस्त्याकडेच्या रेग्युलेटर केंद्रात दाब ४ बारला उतरतो आणि पुढे गल्लीबोळात पॉलिथिलीनचा पाइप जातो. या पाइपाचा जीव इलेक्ट्रोफ्यूजनच्या, म्हणजे विजेने प्लास्टिक वितळवून केलेल्या, जोडात असतो. जोड करण्याची रीत साधी आहे. पाइप काटकोनात कापायचा. जेवढा भाग कपलरमध्ये (दोन पाइप जोडणाऱ्या बाहीत) जाणार तेवढ्यावरून यांत्रिक स्क्रेपर पूर्ण गोल फिरवून वरचा पातळ, ऑक्सिडीकरण झालेला थर सोलून काढायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे आणि त्यानंतर तिथे बोट लावायचे नाही. किती आत जायचे त्याची खूण करायची, क्लॅम्प लावायचा, मशीनने ३९.५ व्होल्ट द्यायचे आणि कपलरवर लिहिलेली थंड होण्याची मिनिटे भरेपर्यंत क्लॅम्प काढायचा नाही. बिघडते ते या प्रत्येक पायरीवर. स्क्रेपरऐवजी हॅक्सॉचे पाते किंवा पॉलिश पेपर फिरवला जातो. अल्कोहोलऐवजी गळ्यातला पंचा. जनरेटर अशक्त असल्याने व्होल्टेज पडते. मुकादम ओरडतो म्हणून क्लॅम्प वेळेआधी सुटतो. खरी गोम पुढे आहे. असा वरवर चिकटलेला जोड ६ बारच्या चाचणीत पास होतो! तो सुटतो वर्ष-दोन वर्षांनी, चर बुजून वर डांबर पडल्यावर.

इथे आपली माती कामाला येते, वाईट अर्थाने. सांगलीकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. दरवर्षी ती पाइपाला ओढते आणि सोडते. अर्धवट जोड याच ओढाताणीत उघडतो. साताऱ्याकडे उलटे, तिथे कातळ आणि मुरूम. पाइपाखाली टोकदार दगड राहिला तर तो वर्षानुवर्षे एकाच जागी टोचत राहतो. म्हणून खाली-वर दीडशे मिलिमीटर चाळलेली वाळू किंवा बारीक माती हवी, आणि तिच्यावर पिवळी इशारापट्टी. काळ्या मातीत गळती शोधणेही अवघड. उन्हाळ्यात गॅस भेगेतून सरळ वर येतो; पाऊस पडून वरचा थर मिटला की तो आडवा पसरतो, पाण्याच्या पाइपाच्या चरातून किंवा गटारातून चालत दहा-वीस मीटरवर डोके काढतो. वास जिथे येतो तिथेच खोदणाऱ्यांची म्हणूनच फजिती होते. लाइनच्या कडेने ठरावीक अंतरावर सळईने भोके पाडून प्रत्येक भोकातली गॅसची टक्केवारी लिहायची, ती जिथे सर्वांत जास्त तिथे कुदळ लावायची. मेलेल्या हिरवळीचा पट्टा हीदेखील चांगली खूण.

जेसीबीची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून आकडाच देतो. ४ बारच्या पाइपाला दाताने तीन मिलिमीटरचे भोक पडले तर तासाला साधारण २५ घनमीटर गॅस जातो. चौकोनी कुटुंबाचा रोजचा वापर ०.४ ते ०.५ घनमीटर, म्हणजे पन्नासेक घरांचा दिवसाचा स्वयंपाक एका तासात. वीस मिलिमीटरची सर्व्हिस लाइन तुटून वेगळी झाली तर त्याच्या कितीतरी पट. दुरुस्ती पथक स्क्वीझ टूलने पाइप चिमटून प्रवाह थांबवते. त्या वेळी पाइपावर ओला कपडा टाकून तो जमिनीला टेकवायचा, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडते, आणि एकदा चिमटलेल्या जागी पुन्हा चिमटायचे नाही. हे सगळे पथक पोचल्यावर. त्याआधीचा अर्धा-पाऊण तास खोदणाऱ्याच्या हातात असतो. खोदकामापूर्वी नोंद करण्यासाठी केंद्र सरकारचे ‘कॉल बिफोर यू डिग’ अॅप मार्च २०२३ पासून उपलब्ध आहे. पालिकेने रस्ता खोदाईचा परवाना देताना त्या नोंदीची पावती मागावी आणि गॅस लाइनच्या दोन्ही बाजूंना एक मीटरच्या आत यंत्र न लावता हाताने चाचणी खड्डा घ्यायची अट घालावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, परवान्याच्या छापील अर्जात दोन ओळी लागतात.

डीआरएसमधली गळती रात्रीची असते. रात्री दोननंतर गावात शेगड्या बंद. रेग्युलेटरने पूर्ण मिटायला हवे. पण बैठकीवर पाइपातल्या काळ्या पुडीचा एखादा कण बसला तर तो पूर्ण मिटत नाही, खालच्या बाजूचा दाब हळूहळू चढतो आणि ठरलेल्या दाबाला क्रीप रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा गॅस व्हेंटमधून सोडतो. दाब उतरला की मिटतो. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. सकाळी चहा ठेवायला लोक उठले की गॅस ओढला जातो, लक्षण नाहीसे होते आणि अकरा वाजता तपासणीला आलेला माणूस वहीत ‘ओके’ लिहून जातो. त्याची लबाडी नाही. अकरा वाजता ते खरेच ओके असते. चोवीस तासांचा दाबाचा आलेख काढला तर रात्रीचे करवतीचे दाते साफ दिसतात. उपाय म्हणजे बैठक आणि ओ-रिंग बदलणे, फिल्टरचे काडतूस स्वच्छ करणे. पण कधीकधी रिलीफचाच दाब वर चढवला जातो, म्हणजे फुसफुस बंद. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

पुराचा मुद्दा सांगलीला टाळून चालणार नाही. २००५, २०१९ आणि २०२१, आयर्विन पुलाजवळच्या पातळीवर डोळे लावून बसलेले गाव आहे हे. घराच्या बाहेरच्या रेग्युलेटरला श्वास घ्यायला एक बारीक भोक असते. पाणी त्यातून शिरून पडद्याच्या वर साठले तर दर दहा सेंटिमीटर पाण्यामागे १० मिलिबार दाब वाढतो; शेगडीला २१ मिलिबार जायचे तिथे ३१ जातात. ज्योत वर उडते, जोडांवर ताण येतो, रिलीफ असेल तर तो गॅस सोडू लागतो. पूररेषेतल्या वस्त्यांत रेग्युलेटर आणि मीटर पूरपातळीच्या वर बसवावेत, जमत नसेल तर श्वासाच्या भोकाला वरपर्यंत नळी न्यावी आणि पाणी चढायच्या आधी भागवार व्हॉल्व्ह बंद करावेत. पुरानंतर लाइन पुन्हा भरताना हवा काढावी लागते. तिथे ‘वास आला’ एवढ्यावर विसंबून तोंड उघडे ठेवण्याची पद्धत आहे. मीटर लावून गॅस ९५ टक्क्यांच्या वर गेला की लगेच बंद करता येते.

मोठ्या पाइपलाइनबद्दल थोडक्यात. बारा इंची पोलादी लाइनचा दहा किलोमीटरचा तुकडा ४० बारला असेल तर त्यात तीस हजार घनमीटरच्या वर, म्हणजे वीस टनांहून जास्त गॅस असतो. दुरुस्तीसाठी तो मोकळा सोडणे सर्वांत सोपे आणि सर्वांत वाईट. फुकटातला उपाय असा की एक-दोन दिवस आधी वरच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि खालच्या ग्राहकांना ओढू द्यायचे. दाब वीसवर आला की निम्मा गॅस विकला गेलेला असतो. उरलेल्यासाठी फिरता कॉम्प्रेसर लावून तो शेजारच्या तुकड्यात ढकलता येतो. नवा फाटा जोडायचा असेल तर हॉट टॅपिंग करून, म्हणजे गॅस वाहत असतानाच लाइनला भोक पाडून जोड घेऊन, काहीच सोडावे लागत नाही.

एवढे सगळे गळते तर कंपन्यांच्या हिशेबात दिसत नाही का, असे कोणीही विचारेल. घेतलेला गॅस वजा विकलेला गॅस, उरला तो तोटा, इतके हे सरळ नाही. खरेदी प्रमाणित घनमीटरमध्ये होते, म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब. घरातला साधा पडद्याचा मीटर मात्र जसा येईल तसा गॅस मोजतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर. तिथला हवेचा दाब ९३० मिलिबारच्या आसपास. त्यात शेगडीचे २१ मिलिबार मिळवा आणि गॅसचे तापमान ३० अंश धरा. मीटरवर एक घनमीटर दिसला तरी प्रमाणित मापाने तो ०.८९ घनमीटर असतो. ही दुरुस्ती बिलात लावली नसेल तर काय होते पाहा. लाख घनमीटर गॅस आणला, चार हजार वाटेत गळाला, ९६ हजार घरांत पोचला. मीटरांची बेरीज येते १ लाख ७ हजारांच्या वर. आणला त्यापेक्षा विकला जास्त! चार टक्के गळती असून ताळेबंदात वाढावा दिसतो. मोठ्या कारखान्यांच्या मीटरवर दाब-तापमानाची इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती असते, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली की आकडा कुठल्याच दिशेने बोलत नाही. ‘आमचा तोटा शून्याच्या जवळ आहे’ हे वाक्य म्हणून ऐकून घ्यावे, पण त्यावरून गळती नाही असे समजू नये.

घरच्या ग्राहकालाही आपल्यापुरती चाचणी करता येते. रात्री सगळे बर्नर बंद केल्यावर मीटरवरचे लाल आकडे लिहून ठेवायचे, सकाळी पेटवायच्या आधी पुन्हा पाहायचे. हलले असतील तर मीटरच्या पुढे गळती आहे. जोडांवर साबणाच्या पाण्याचा फेस लावला की बुडबुडा जागा दाखवतो. न हलल्यास सुटलो असे नाही, कारण अगदी बारीक गळती मीटरला कळतच नाही. आणि एक सवय मोडायला हवी: एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून खाली झरोका ठेवायचो, नैसर्गिक वायू हलका, तो छताला जातो, झरोका वर हवा.

साखरपट्ट्यात राहून प्रेसमडच्या (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाच्या) बायोगॅसबद्दल न बोलणे बरे नाही. केंद्राच्या बायोगॅससाठीच्या ‘सतत’ योजनेला २०१८ मध्ये सुरुवात झाली आणि शहरी गॅसमध्ये हा वायू मिसळण्याची सक्ती २०२५-२६ साठी एक टक्का, पुढे २०२८-२९ पर्यंत पाच टक्के अशी चढत जाते. रोज पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात दीडशे ते दोनशे टन प्रेसमड निघतो, साधारण २५ टनांमागे एक टन शुद्ध वायू धरला तर दिवसाला सहा ते आठ टन. चांगली गोष्ट आहे. पण हाही मिथेनच. उसातून आला म्हणून सुटल्यावर त्याला कोणी माफी देत नाही. गळीत हंगाम संपल्यावर वर्षभरासाठी रचलेला प्रेसमडचा ढीग उघडा राहिला तर तो आतून तापतो, कुजतो, गॅस तिथेच तयार होऊन जातो आणि संयंत्राला चोथा मिळतो; दाबून वरून ताडपत्री हवी. शुद्धीकरणात वेगळ्या काढलेल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर एक-दोन टक्के मिथेन निसटतो. सहा टनांच्या संयंत्रात दोन टक्के म्हणजे रोज १२० किलो. बाहेर पडणारी कोमट स्लरी उघड्या तळ्यात सोडली की ती तिथेही गॅस देत राहते. पहिली साठवण टाकी झाकलेली असावी. आणि सुरक्षेसाठी ठेवलेला पाण्याचा सील! एप्रिलच्या उन्हात त्यातले पाणी आटते आणि डायजेस्टरचा (गॅस तयार होतो त्या बंद टाकीचा) सगळा दाब गुपचूप त्या नळीतून जातो. रोज सकाळी काचनळीतली पातळी बघून बादलीभर पाणी ओतणे, एवढेच काम. पण ते कोणाच्या नावावर लिहिलेले नसते. जादा गॅस जाळायच्या फ्लेअरचेही तसेच. पायलट (सतत जळती ठेवायची छोटी ज्योत) विझलेला फ्लेअर म्हणजे उंच केलेली गळती.

ग्लासगो परिषदेत २०२१ मध्ये मिथेन २०३० पर्यंत ३० टक्के घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा झाली. भारताने तीवर सही केली नाही. त्यामागे भातशेती आणि जनावरे ही कारणे आहेत आणि ती समजण्यासारखी आहेत. पण कॉम्प्रेसर काही रवंथ करत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्याने गॅस कंपन्यांना गळती शोधणे, मोजणे, ठरावीक मुदतीत दुरुस्त करणे आणि सांगणे बंधनकारक केले. यातले ‘सांगणे’ आपल्याकडे आजही सुरू करता येईल. आमची मागणी एका तक्त्याची आहे, जो आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गॅस देणाऱ्यांनी आणि बायोगॅस संयंत्रांनी वर्षातून दोनदा, भेगा उघड्या असताना मे महिन्यात आणि माती मिटल्यावर ऑक्टोबरमध्ये, वर्तमानपत्रात द्यावा. त्यात तालुकावार किती किलोमीटर लाइन चालून तपासली, किती गळत्या सापडल्या, त्यांतल्या खोदाईमुळे किती आणि जोडामुळे किती, सापडल्यापासून दुरुस्तीपर्यंत किती तास गेले, प्रत्येक कॉम्प्रेसरच्या पॅकिंग व्हेंटची पिशवी किती सेकंदांत भरली आणि घरगुती मीटरांना दाब-तापमानाची दुरुस्ती लावून विकलेला गॅस किती, एवढे रकाने असावेत. पिशवी आणि स्टॉपवॉच असेल तर पंपावरचा रकाना एका दुपारी भरून होतो.

आपले,
गॅस वितरण आणि कॉम्प्रेसर देखभालीच्या कामातील काही तंत्रज्ञ,
कुपवाड, जि. सांगली